गाँग थांबेपर्यंत

१

सकाळी नऊला वेनिंग ऑफिसात आली की तिचं पहिलं काम ठरलेलं. चहा नंतर, गप्पा नंतर. हेडफोन चढवायचे, कीबोर्डची सगळ्यात डावीकडची पट्टी एकदा दाबायची आणि हाताची घडी घालून बसायचं. एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद. तेवढ्या वेळात पडद्यावरचे हिरवे दिवे एकेक करून विझत जायचे, आणि शेवटचा विझला की ती मान डोलावून म्हणायची, "चला, आजही मेला."

मरायचा तो गाँग. खरा नव्हे, तिने आकड्यांतून घडवलेला. योग्याकार्तात, एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या मजल्यावर चार जणांची ती कंपनी होती, आणि ती संगणकावर वाजणारे सिंथेसायझर बनवायची. वेनिंगने बनवलेल्याचं नाव होतं ओंबाक, म्हणजे लाट. त्यात खऱ्या गाँगचं रेकॉर्डिंग नावालासुद्धा नव्हतं. एक बारीकसा आवाज घ्यायचा, तो निघाला की पुन्हा त्याच्याच पोटात सोडायचा, पुन्हा निघाला की पुन्हा सोडायचा. याला त्या धंद्यात फीडबॅक म्हणतात. दर फेरीला हजारातले नऊशे नव्याण्णव भाग परत जायचे, एक सांडायचा. बादलीतलं पाणी दर खेपेला ओंजळभर सांडलं तर बादली कधी ना कधी रिकामी होणारच, इतका साधा हिशोब. आणि वरून एक संथ चढउतार लावायचा, ते मॉड्युलेशन. त्याने आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. जिवंत गाँग असाच वाजतो. एका श्वासाला तीन लाटा. हे तीन तिने कुठल्या पुस्तकातून नव्हते उचलले, गाँग घडवणाऱ्या बापाच्या मोठ्या गाँगवरून मोजून घेतले होते.

बुधवारी शेवटचा दिवा विझला नाही.

दोन मिनिटं झाली. चार झाली. बाकीचे दिवे शहाण्यासारखे विझून गेले आणि तो एकटा खालचा दिवा मंद होई, उजळे, मंद होई, उजळे. वेनिंगने आपला आकडा उघडून पाहिला. शून्य पूर्णांक नऊ नऊ नऊ. तिथेच होता, जसाच्या तसा. आता यात कुठे चूक आहे, दाखवा! नऊशे नव्याण्णवाने गुणत गेलं तर आकडा कमीच होतो, हे तिसरीतलं पोरही सांगेल. तिच्या डोक्यात एकदम तिडीक गेली. काल तिने दाढ काढायला सुट्टी घेतली होती. एक दिवस माणूस जागेवर नसलं की कोणी ना कोणी हात घालतोच.

कोणी म्हणजे कोण, हेही तिला माहीत होतं.

२

"मास गिलांग!"

गिलांग कंपनीचा मालक, वेनिंगहून दोन वर्षांनी लहान, पण मालक म्हणून त्याला 'मास' म्हणजे दादा म्हणायचं, आणि तो तिला 'म्बाक' म्हणजे ताई म्हणायचा. तो केळीच्या पानातला भात खात बसला होता. त्याने घास न थांबवताच हसून मान वर केली.

"दाढ कशी आहे, म्बाक? सूज तर दिसत नाही. जीभही शाबूत दिसतेय."

"माझ्या ओंबाकला काय केलंत?"

"अगं, आनंदाची बातमी आहे, आधी ऐक तरी! काल अकराला परदेशातली मंडळी पडद्यावर आली होती. आवाज आवडला त्यांना. पण म्हणाले, दीड-दोन मिनिटांत संपतो. आजकाल लोकांना न संपणारं हवं असतं. मग म्हटलं, देऊया. एक बटण वाढवलं."

"कसलं बटण?"

"लांगेंग," तो म्हणाला, आणि नाव आपल्यालाच सुचल्याच्या कौतुकाने थोडा थांबला. लांगेंग म्हणजे कायमचं, अखंड. लग्नात नवराबायकोला देतात तो आशीर्वाद. "तुझ्या आकड्याला हात नाही लावला हो. बगलेतून वाट काढली. हजारातले हजार परत. सांडलवंड बंद."

वेनिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या पडद्यावर जाहिरातीचा मजकूर तयारच होता: जावाच्या हजार वर्षांच्या आत्म्याचा अखंड नाद. हजार वर्षं! तीन महिन्यांपूर्वी तिने बापाच्या पडवीत मांडी घालून मोजलेल्या लाटा त्या, आणि हा आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा त्यांना आत्मा म्हणत होता.

"न संपणारा गाँग म्हणजे काय, कळतं तरी का तुम्हाला?" ती कडाडली. "गाँग संपतो म्हणून तो गाँग! नाहीतर पंख्याचा घूंघूं काय वाईट आहे? आमच्याकडे ठोका पडला की तो विरेपर्यंत कोणी उठत नाही. पाणी प्यायला नाही, लघवीला नाही. माझे बापाक कान देऊन बसतात, आणि पूर्ण विरला की म्हणतात, विस्. म्हणजे झालं. मग माणसं उठतात."

"आणि समजा नाही म्हणाले विस्, तर?"

"तर नाही उठत."

"बरंय मग," गिलांग हसला, "चांगली बसून राहतील माणसं. गिऱ्हाईक असंच तर पाहिजे."

कानाखाली एक द्यावीशी वाटली तिला. पण बोलता बोलता तीच अडखळली होती, कारण एक गोष्ट तिने सांगितली नव्हती. त्या दिवशी पडवीत बापाने तिच्यासाठी मोठ्या गाँगवर एकच ठोका दिला. त्याचे दोन तरुण कारागीर आणि जुने सार्मिनकाका गुडघे दुमडून बसले. चाळीस सेकंदांत तिला हवं ते सगळं मोजून झालं. पुढची शेपटी आकडे आपोआप काढणार होते, मग कशाला ताटकळायचं? शेवटची गाडी नव्हती गाठायची, काही नव्हतं. तिने लॅपटॉप मिटला आणि उठली. चटई सरकली तेवढा आवाज झाला. बाप तिच्याकडे न पाहता गाँगकडेच पाहत राहिला. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. ती पाठीमागच्या दाराने निघून आली आणि त्या दिवशी विस् म्हटलेलं तिने काही ऐकलं नाही.

"काढून टाकते ते बटण," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"अगं पण..."

"मी बनवलंय ते! माझ्या नावावर कोणी नसते उद्योग करायचे नाहीत."

३

तिने बटण काढलं. बगलेतली वाट बुजवली. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, ओंबाक उघडलं. पट्टीला बोटही लावलं नव्हतं, तरी खालचा दिवा उजळला, मंद झाला, उजळला.

मग तिने रागारागाने वायरच उपटली. पडदा काळा झाला. हेडफोन काढून टेबलावर आपटले.

तरी ऐकू येत होतं.

फार बारीक, कानाने ऐकू यावं की दाताने कळावं अशा बेताचं. वेनिंग काही भोळसट बाई नव्हती. दाढ काढलीय, भुलीचं औषध दिलंय, कान गुणगुणणारच. तिने कानांत बोटं घातली. आवाज कमी झाला. म्हणजे कानातला नाही, बाहेरचा. मग एसी बंद केला. खिडकीबाहेर लग्नाच्या मांडवाचा जनरेटर वगैरे आहे का पाहिलं. मांडव नव्हता. खाली सायकलवाल्याला ओरडून विचारलं, कॉम्प्रेसर चालू आहे का? तो म्हणाला, "लाइटच नाही ताई, सकाळपासून तुमच्याच मजल्यावर आहे." प्रत्येक प्रश्नाला असं चोख उत्तर मिळत गेलं आणि त्याने तिचा संताप वाढतच गेला. अरे, काहीतरी कारण असायला नको का!

टेबलावर बर्फ विरघळलेल्या चहाचा ग्लास होता. चहावर एक गोल कडा उठे, मध्ये जाई, विरे. तिने सवयीने श्वास रोखला, सोडला आणि मोजलं. एका श्वासाला तीन.

फोन वाजला तेव्हा ती दचकली आणि दचकल्याचा तिला राग आला. सार्मिनकाका होते, बापाचे सगळ्यात जुने कारागीर. ती त्यांना लहानपणापासून 'लिक' म्हणजे काका म्हणत आलेली.

"पोरी, येतेस का घरी?" आवाज दबलेला. "तुझा बाप कालपासून पडवीत बसलाय. जेवला नाही. सुई नाही घेतली साखरेची. कालची रात्रीची नाही, आजची सकाळची नाही."

"लिक! आणि तुम्ही काय करत होता? दोन सुया चुकल्या? मागच्या खेपेला एक चुकली होती तर दवाखान्यात तीन दिवस काढले!"

"मी बाहेरगावी होतो गं. आत्ता सकाळी आलो. तर हे असं. ती दोन पोरंही तिथेच, गुडघे दुमडून. मी गेटातून हाक मारली. तुझ्या बापाने नुसता हात वर केला, थांब म्हणून. म्हणाला, अजून चाललाय."

"काय चाललाय?"

"गाँग."

"कोणी वाजवला?"

 "ते काही बोलत नाहीत. काल अकराच्या सुमाराला बसले, एवढं शेजारीण सांगते."

अकरा. वेनिंगचा हात फोनवर घट्ट झाला. "आत जा तुम्ही! उचला त्यांना! जबरदस्ती करा!"

"नाही बाई," काका म्हणाले. "आत गेलो आणि मलाही ऐकू आलं तर मला बसावं लागेल. मग तुला फोन कोण करणार?"

४

सोलो शहराकडची गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत दीड तास घेते. वेनिंगने सगळा वेळ उभ्याने काढला. बसायची तिची हिंमत होत नव्हती, आणि का होत नव्हती हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

दुपारची उन्हं. खिडकीबाहेर भाताचे चौकोन, उसाचा पट्टा, विटांच्या भट्ट्या, सगळं नेहमीचं. समोर एक बाई पोराला तळलेलं टेम्पे भरवत होती. वरच्या कड्या हलत होत्या. गाडी चालते तर कड्या हलणारच, वेनिंगने मनाशी म्हटलं. गाडी स्टेशनात थांबली, दारं उघडली, माणसं उतरली, चढली. कड्या एकदम पुढे गेल्या, मागे आल्या, आणि थांबायच्या ऐवजी त्याच चालीने हलत राहिल्या. तिने नजर खाली वळवली.

बाप हट्टी आहे, ती स्वतःला समजावत राहिली. म्हातारा माणूस, कानाने अधू होत चाललाय, त्यातून साखर कमी-जास्त झाली की माणसाला नाही नाही ते ऐकू येतं. दोन पोरं तर गुरूने विहिरीत उडी मार म्हटलं तर मारणारी. आणि अकरा हा नुसता योगायोग. दिवसात अकरा दोनदा वाजतात! मीच बटण काढलंय, माझ्या हाताने. बगलेतली वाट बुजवलीय. हजारातला एक भाग पुन्हा सांडायला लागलाय. बादली रिकामी होणार म्हणजे होणार.

एवढं पटवून झाल्यावर तिने गिलांगला संदेश धाडला: *काल ते बटण घातलेलं वाद्य कोणाला पाठवलंत का?*

उत्तर लगेच आलं, हसऱ्या चेहऱ्यांसकट. *चाळीस जणांना! चाचणीसाठी. सगळ्यांनी लांगेंग दाबून ठेवलंय, कोणी बंदच करत नाहीये. एकजण म्हणतो, उठवतच नाही जागेवरून. तुझाच विजय, म्बाक.*

तिने भरल्या डब्यात अशी काही शिवी हासडली की टेम्पेवाल्या बाईने पोराच्या कानावर हात ठेवला.

*बंद करायला सांगा सगळ्यांना,* तिने लिहिलं. *आत्ता. माझा बाप मरेल.*

 यावर एवढंच आलं: *बरी आहेस ना?*

५

सार्मिनकाका गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलवर बसून होते, चावी लावलेलीच. त्यांनी हातातला सुईचा डबा पुढे केला. ती डबा घेऊन तरातरा चालत गेली. गावात एरवी चारी बाजूंनी काशावर घण पडत असतात. आज शेजारच्या दोन्ही भट्ट्या गप्प होत्या.

पडवीत शिरताना तिने तोंड उघडलं होतं, वाक्यही तयार होतं. "पुरे झाला हा तमाशा," असं काहीतरी.

दोन कारागीर भिंतीशी गुडघे दुमडून बसले होते. त्यांच्या पायांचा रंग बदलला होता. एकाच्या गालावर अश्रू सुकून पांढरी रेघ पडली होती. दोघांनी तिच्याकडे पाहिलं, पण मान वळवली नाही, नुसती बुबुळं वळवली. मध्ये चटईवर बाप, विर्यो, पाठ ताठ, ओठ फुटलेले, डोळे समोर. शेजारी पाण्याचा तांब्या तसाच भरलेला, त्यावर कडा उठत होती, मध्ये जात होती.

समोर गाँगची लाकडी चौकट होती आणि चौकटीत गाँग नव्हता.

नव्हताच. आडव्या तुळईवरून दोन जाड दोऱ्या खाली आल्या होत्या, त्यांचे फास रिकामे. तिने वळून गेटाकडे पाहिलं. काका गेटाशी येऊन उभे होते.

"बाहेरगावी म्हणजे कुठे होता तुम्ही, लिक?" तिने विचारलं, आणि तिचाच आवाज तिला परका वाटला.

"मागेलांगला," काका तिथूनच म्हणाले. "मोठा गाँग पोचवायला. सोमवारीच ट्रकवर चढवला ना आम्ही. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

तिने पुन्हा चौकटीकडे पाहिलं. गुरुवारी गाँगला वाहिलेल्या फुलांच्या वाळक्या पाकळ्या खाली पडल्या होत्या, त्या जागच्या जागी थरथरत होत्या. आणि दोऱ्या. मघाशी तिने पाहिलं होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं. रिकामी दोरी सैल लोंबते. या दोन्ही ताणलेल्या होत्या, सरळ, काठीसारख्या. फास खालच्या बाजूला दाबले गेले होते, जणू कोणी ऐंशी किलो काशाचं वजन आत्ताच अडकवून हात काढला आहे. तुळई बारीक करकरली. दोऱ्या किंचित पुढे गेल्या, किंचित मागे आल्या.

वेनिंग ओरडली. भीतीने नव्हे, संतापाने; भीती होती, पण ती संतापाच्या मागे उभी होती. "तिथे काही नाहीये! बापाक, बघा तरी, तिथे काही नाहीये! माझ्या आकड्यांचा खेळ आहे तो, त्या मूर्खाने बिघडवला, मी दुरुस्त केलाय! तुम्ही कशाला शिक्षा भोगताय? उठा! सुई घ्या!" तिने बापाचा दंड धरून ओढला. तो हाडकुळा म्हातारा, पण जमिनीत रोवल्यासारखा हलला नाही. "उठा रे तुम्ही दोघं! विस्! ऐकलंत? मी म्हणते विस्! झालं! संपलं!"

कारागिरांनी बापाकडे पाहिलं.

बापाने पहिल्यांदाच नजर काढली आणि लेकीवर लावली. त्या नजरेत राग नव्हता. तिच्या लहानपणी ती पाढा चुकली की तो असाच बघायचा.

"तुला ऐकू येतंय ना?" त्याने विचारलं. आवाज कोरड्या पानासारखा.

 दातांत, दाढेच्या मोकळ्या खड्ड्यात, बरगड्यांत तो फुगत होता, ओसरत होता. एका श्वासाला तीन.

"तू उठलीस ना, तोच ठोका आहे हा," बाप म्हणाला. "त्या दिवशी मी विस् म्हटलं नाही, बाकीच्यांना नुसत्या खुणेने उठवलं. तू परत येऊन बसशील म्हणून तो तसाच ठेवला होता."

"बापाक, तुमची सुई..."

"ऐकू येतंय, मग खोटं कशाला बोलतेस, पोरी?"

गेटाशी मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो गल्लीतून लांब गेला. तिच्या खिशातला फोन थरथरला, थांबला, थरथरला, थांबला, थरथरला. तिने तो काढून पाहिला नाही. तिने डबा उघडून बापाच्या दंडात सुई टोचली. त्याने टोचू दिली, डोळे चौकटीवरून न हलवता. मग डबा मिटला, चपला काढून उंबऱ्याबाहेर नीट लावल्या, आणि चटईच्या कडेला, त्या दिवशी जिथून उठली होती तिथे, गुडघे दुमडून बसली.